भाऊंनी दहा वाजताच का बोलावलं

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी फैजपूरच्या बसस्टँडवर धुळ्याला जायला उभा होतो. अकरा दिवस रागात काढले होते. त्या सकाळी मात्र ठरवून निघालो होतो, आज विचारायचंच. वहिनी फोनवर एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, निघाला असाल तर सावकाश या." गाडीत बसलो, कंडक्टरने कुठे म्हणून विचारलं, तर मला गावाचं नावच आठवेना... याला आता दीड महिना झाला. विचारायचं होतं ते माझ्याजवळच राहिलं आहे.

माझे थोरले भाऊ, डॉ. प्रल्हाद, धुळ्याला मेडिकल कॉलेजात मेडिसिनचे प्राध्यापक होते. आम्ही यावल तालुक्यातले केळीवाले. आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या मनात होतं की प्रल्हाद फैजपुरात दवाखाना टाकेल आणि मी केळी पाहीन. मी केळी पाहिली. भाऊ औरंगाबादला एमबीबीएस झाले, तिथेच एमडी केलं आणि घरी येऊन म्हणाले, "मी शिकवणार." आबा पुढे कितीतरी दिवस लोकांना जरा ओशाळूनच सांगत, "पोरगा मास्तर झाला." लेक्चरर होते तेव्हापासून विभागप्रमुख होईपर्यंत भाऊंनी सगळी वर्षं जनरल वॉर्डात काढली. जळगावच्या मोठ्या दवाखान्यांतून बोलावणी आली, ते गेले नाहीत. मी एकदा कारण विचारलं. "तिथं पेशंटजवळ शिकनारी पोरं नसतात," म्हणाले. माझ्याशी ते कायम घरच्याच बोलीत बोलत. ते उत्तर मला तेव्हा कळलं नाही, आणि आज कळलंय असंही म्हणवत नाही.

आबांना धाप लागू लागली तेव्हा भाऊंनी त्यांना आपल्याच वॉर्डात ठेवलं आणि दुसऱ्या सकाळी आठ-दहा विद्यार्थी खाटेभोवती उभे केले. एकेकाने आबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. आबा निमूटपणे श्वास घेत होते, सोडत होते. मी आतून जळत होतो. बाहेर आल्यावर म्हणालो, "भाऊ, बाप आहे तो आपला. पोराईले दाखवाले आनला का?" ते म्हणाले, "माह्या कानावर माहा भरोसा नव्हता, दिगू. बाप होता म्हनून." त्या सकाळी एका मुलाला आबांच्या हृदयाच्या झडपेचा एक बारीक आवाज ऐकू आला. भाऊंना तो आला नव्हता, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. त्यावरून औषध बदललं आणि आबा पुढे चार वर्षं जगले. भाऊंना तो आवाज खरंच ऐकू आला नव्हता, की त्या मुलाला हुरूप यावा म्हणून ते तसं म्हणाले, हे मला आजही सांगता येणार नाही.

यंदा त्यांचे डोळे पिवळे झाले. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. "कावीळ आहे," फोनवर म्हणाले. नंतर स्वतःच्याच वॉर्डात दाखल झाल्याचं कळवलं. "मंगळवारी ये. दहाले ये, त्याच्या आधी नको." मी डबा घेऊन दहाला पोचलो, खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. पाठोपाठ विद्यार्थी आले. एक सडपातळ मुलगी पुढे झाली आणि इंग्रजीतून घडाघडा सांगू लागली. भाऊंनी हात वर केला. "मराठीत सांग."

ती गडबडली. शब्द शोधत म्हणाली, "स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ आहे... ती यकृतात पसरली आहे. ऑपरेशन होण्यासारखं नाही."

"बरोबर. पण शेवटी आवाज खाली गेला तुझा. परत सांग."

तिने परत सांगितलं. मी दोनदा ऐकलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी डबा खाटेखाली सरकवला आणि उठलो. दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "दिगू, बस." मी बसलो नाही.

एसटीत आणि पुढे बागेत, अकरा दिवस एकच गोष्ट मनात फिरत होती. दहा वाजता त्यांची पोरं येतात हे भाऊंना माहीत नसणार का? मग मला मुद्दाम बोलावलं? की राउंड लवकर आटपेल असं वाटलं होतं? सख्ख्या भावाला असं ऐकवतात? की तो त्यांच्यासाठी नेहमीसारखाच एक तास होता आणि मी त्यात कुठे नव्हतोच? बायको म्हणायची, "जाऊन विचारा ना." उद्या जाऊ, असं करत राहिलो.

तेराव्यानंतर आठवड्याने वॉर्डातली ती मुलगी माझ्या घरी आली. नाव ऋतुजा, पाचोऱ्याची. माफी मागायला आली होती. "काका, स्टुलावर कोण बसलंय ते मला माहीत नव्हतं." मग तिने पिशवीतून एक वही काढली. पेशंट काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, हा सरांचा नियम होता म्हणाली. सोमवारी तिने भाऊंची माहिती लिहून घेतली होती. पान सगळं इंग्रजीत, मधे एकच ओळ मराठी. तिने विचारलं होतं, वहिनींशिवाय जवळचं कोण आहे?

"धाकला भाऊ. त्याले अजून सांगितलं नही. कसं सांगू, मले समजत नही."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"सर बोलले तसं लिहून घेतलं."

उभ्या आयुष्यात किती नातेवाइकांना त्यांनी असं काही सांगितलं असेल, किती पोरांना सांगायला शिकवलं असेल. आणि हे चार दिवसांच्या ओळखीच्या मुलीपाशी बोलले. ओळख तरी कसली, ती विद्यार्थिनी, ते पेशंट... एकदा वाटतं, सगळं उलगडलं. बागेत जाईपर्यंत पुन्हा गुंता होतो. सांगता येत नव्हतं म्हणून तिच्या तोंडून ऐकवलं, की सांगायचं राहूनच गेलं आणि मी मधेच येऊन बसलो?

वही ऋतुजाने माझ्याजवळच ठेवली. सकाळी चहा झाला की ते पान उघडतो. अक्षर तिचं आहे, पण ती ओळ भाऊंच्याच आवाजात वाचली जाते. मले समजत नही...

मलेबी नही, भाऊ.