टॉवेलाखालचा भाव

आमच्या कुत्र्याचं नाव मी सांगणार नाही. त्याच नावाचे एक पुढारी आमच्या वलवणमध्ये राहतात, आणि माझ्या सासऱ्यांनी ते नाव मुद्दाम ठेवलेलं आहे. रोज सकाळी त्या नावाने हाक मारून "गप बस, भुंकू नको" असं दारात उभं राहून म्हणायचं, एवढीच त्यामागची हौस. बाकी कुत्रं माझं. खायला मी घालायचं, अंघोळ मी घालायची, आणि त्याने शेजारच्यांची चप्पल पळवली की बोलणी मी खायची.

आबा, म्हणजे सासरे, जन्मभर बैलांच्या बाजारात वावरलेले. त्यांच्या लेखी जनावर म्हणजे बैल. म्हैस त्याखालोखाल. कुत्रं हे नुसतंच हिंडणारं काहीतरी.

पावसाळ्यात धरणाकडे सुट्टीचे पाहुणे येतात, भाजलेली कणसं खातात आणि दाणे संपलेली कणसं जिथे उभे असतील तिथेच टाकतात. आमच्या बहाद्दराने त्यातलं एक गिळलं. हे अर्थात नंतर कळलं. त्या सोमवारी एवढंच दिसलं, की तो सारखा ओकतोय आणि पोट टणक झालंय. मटणाचा रस्सा पुढे ठेवला तर त्याने तोंड फिरवलं. हे कुत्रं रश्श्याला नाही म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गुरांचे डॉक्टर नेमके म्हशीला बघायला आले होते. त्यांनी कुत्र्याचं पोट चाचपलं आणि म्हणाले, "आतडं अडलंय. चिंचवडला न्या, आत्ताच. संध्याकाळची वाट बघू नका."

नवरा पहिल्या पाळीला सुदुंबऱ्याच्या कंपनीत. मी गाडी काढली, तर आबा आधीच मागच्या सीटवर बसलेले, कुत्र्याचं डोकं मांडीवर. "म्हशीचं औषध आणायचंय," म्हणाले. म्हशीचं औषध लोणावळ्यातही मिळतं, पण तेव्हा वाद घालायला वेळ नव्हता. उर्से टोलनाक्यावर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून "आजारी जनावर हाय, कायतरी कमी करा" असंही सांगून बघितलं. टोलवाल्याने पावती दिली आणि पुढच्या गाडीला हात केला.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. फोटो काढला, सोनोग्राफी केली आणि सांगितलं, की कणीस आहे, लगेच ऑपरेशन करावं लागेल, चाळीसेक हजार धरून चला. निम्मे आधी.

मी बंगल्यांवरच्या पाहुण्यांना जेवण करून देते. चाळीस हजार म्हणजे किती पिठलं, किती भाकऱ्या, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि मला स्वतःचाच राग आला. कुत्रं टेबलावर पडून माझ्याकडे बघत होतं. एकीकडे वाटत होतं बांगड्या मोडू, एकीकडे वाटत होतं घरचे काय म्हणतील. खरं सांगायचं तर मला नुसतं रडायचं होतं.

तेवढ्यात आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डॉक्टरच्या हातावर टाकला. टॉवेलाखाली त्याचा हात धरला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना सांगते. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे भोवतीच्या दहाजणांना सौदा कळत नाही. आबा त्यातले नावाजलेले. पण म्हणून दवाखान्यात? मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. डॉक्टर गोंधळून आबांच्या तोंडाकडे बघत होता. आबा त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मग पुन्हा पुटपुटले, आणि पुन्हा; टॉवेल काही निघेना.

"करा," आबा शेवटी म्हणाले, आणि बंडीच्या आतल्या खिशातून पुडकं काढलं. ते पैसे मला माहीत होते. बैलगाड्याच्या शर्यतीसाठी त्यांना एक खोंड घ्यायचं होतं, वर्षभर त्याच्याच गप्पा चालल्या होत्या.

कुत्र्याला आत नेल्यावर मी विचारलं, "किती कमी केले?"

"एक रुपया न्हाई. भाव कुटं इचारला मी?"

"मग?"

"वाचंल का इचारलं. पाची बोटं म्हंजी वाचणारच. तुज्यासमूर त्याला नीट बोलता आलं नसतं." आबा बाकावर टेकले. "चार दाबली त्यानं."

माझा जीव खाली पडला. मी समोरच्या गाडीवर जाऊन चक्क दोन वडापाव खाल्ले. आबा दाराकडे तोंड करून बसून राहिले. मला वाटलं, खोंड गेलं म्हणून रुसलेत.

कुत्रं वाचलं. टाके काढायला मी आणि नवरा गेलो, तेव्हा ते डॉक्टरचा बूट चावायच्या तयारीत होतं. डॉक्टर हसत म्हणाला, "आजोबा नाही आले? त्या दिवशी घाम फोडला त्यांनी मला. खोटं बोलवेना, म्हणून एकच बोट दाबलं. पुन्हा पुन्हा विचारत होते, मी एकच दाबत होतो."

घरी आबा गोठ्यात होते. कुत्रं धावत जाऊन त्यांच्या धोतराला लोंबकळलं.

"आबा, एकच बोट होतं म्हणे."

"व्हय."

"आणि त्याने एकही दाबलं नसतं तर?"

आबांनी म्हशीपुढे वैरण टाकली. "तरी तुला चारच सांगितली असती."