शशी डॉक्टरांची जिमची बॅग

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळात गणपती पाण्यात न्यायचा मान डॉक्टर शशिधर मान्यांचा. मंडळ निघालं तेव्हापासनं. शाडूची मूर्ती, दर साली पेणवरनं बोटीनं येणारी, उचलताना कंबर बोलावी अशी जड. ती उराशी धरायची, वेस्टन शोअरच्या किनाऱ्यावरच्या गोट्यांवरनं चालत जायचं आणि कमरेएवढ्या पाण्यात सोडायची.

शशी मूळचा शिरोळकडचा. बाप तालमीतला पैलवान. हे तो येईल त्या पाहुण्याला चहा गाळायच्या आधीच सांगायचा. बापाचं अंग त्याच्याकडंही आलं होतं, फक्त सगळं पुढच्या बाजूला आलं होतं.

नव्वद सालच्या विसर्जनाला गडी निम्म्या वाटेत बसला. देव मांडीवर, तोंडाचा आ, समोर समुद्र आणि ह्याला पोचता येईना. शेवटी दोघांनी देव धरला, दोघांनी डॉक्टर.

पुढच्या सालच्या मीटिंगला अध्यक्ष हरीश देवधर म्हणाले, "शशी, यंदा उदयला देऊ या. तरुण आहे, जिमला जातो." उदय म्हणजे हरीशरावांचंच पोरगं. इथं जन्मलेलं, मोडकं मराठी बोलणारं, ताडासारखं उंच.

"मीपण जातो जिमला," शशी म्हणाला. "पैलवानाचं रक्त आहे माझं."

"रक्ताचं कोण विचारतंय? दमाचं बघ. गणपतीच्या आधी जिममध्ये वजन उचलून दाखव, उदय बघेल. उचललंस तर देव तुझा."

झालं. शशी जिमला नाव घालून आला. तिथल्या पोरीनं सांगितलं, नव्या माणसाला फार काही लागत नाही. तळव्याला पकड असलेले बूट, अंग पुसायला टॉवेल, पाण्याची बाटली, जमलं तर लॉकरला कुलूप. शशीला हे अपमानासारखं लागलं. एवढ्यावर कोण पैलवान होतो?

मग खरेदी निघाली. चालताना सळसळणारा जांभळा-हिरवा शेलसूट, म्हणजे नायलॉनचा ट्रॅकसूट. बोटं उघडी ठेवणारे कातडी हातमोजे. मनगटाला पट्ट्या, कपाळाला पट्टी. बैलाला शोभावा असा रुंद कमरपट्टा. गुडघ्याला एका जातीच्या पट्ट्या, कोपराला दुसऱ्या. वॉकमन. पावडरीचा डबा आणि ती घुसळायचं भांडं. आणि सगळ्यात महाग म्हणजे पांढरे बूट, जिभेवरचा गोळा दाबला की आत हवा भरणारे. आमच्याकडं एवढ्या सामानात माणूस पोरीचं लग्न उरकून येतो.

हे सगळं एका बॅगेत. आणि बॅग उचलायची वैजयंतीनं, त्याच्या बायकोनं.

"अहो, तुमचीच आहे ना ही?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"व्यायामाआधी अंगाला ताण देऊ नये. पुस्तकात लिहिलंय."

"आणि झाल्यावर?"

"झाल्यावर मसल्सना रेस्ट लागते."

घरातनं गाडीत, गाडीतनं जिन्यानं वर, परत जिन्यानं खाली. तो वर नटत असायचा तोवर ती खाली गाडीत शेंगा सोलायची. नटायलाच त्याला इतका वेळ लागायचा की सायकलवर जरा पाय हलवले की पट्टे सोडायची वेळ व्हायची. वजनं होती पलीकडच्या खोलीत. तिकडं तो जायचा ते आरशात बघायला.

आता त्या खोलीच्या दाराशी रोज एक प्रकार घडायचा. सगळ्या इंग्लंडात भारी ते बूट शशी दाराशी काढून भिंतीला नीट लावून ठेवायचा आणि मोज्यांवर आत जायचा. लहानपणी एकदा चपलेसकट तालमीत शिरला होता, तेव्हा वस्तादानं अशी कानफटात दिली होती की मारुतीचा शेंदूर आणि ह्याचा गाल एका रंगाचे झाले. डोकं विलायतेत येऊन डॉक्टर झालं, पाय शिरोळलाच राहिले. जिमची पोरगी रोज हटकायची, तो "सॉरी, सॉरी" करत बूट चढवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी जोडी.

परीक्षेचा दिवस आला. उदय हाताची घडी घालून उभा. शशी सगळ्या शृंगारानिशी आला, दाराशी बूट काढले, आत गेला. दोन्ही हातांत एकेक डंबेल घेतलं. वर गेलं, खोटं कशाला बोलू, चांगलं छातीपर्यंत गेलं. मग कमरपट्ट्यानं श्वास आवळला, हातमोजा घसरला आणि उजव्या हातातलं लोखंड उजव्याच पायाच्या अंगठ्यावर आलं.

"काका, तुमचा बूट कुठे आहे?" उदयनं विचारलं.

"दाराशी," शशी म्हणाला आणि खाली बसला.

तरी विसर्जनाला गडी हजर. पायाला गाठोड्याएवढं बँडेज, धोतरावर तो कमरपट्टा. वेस्टन शोअरवर आरती झाली, ओहोटी लागली, पाणी मागं सरायला लागलं.

"हात लावायचा नाही," तो उदयला म्हणाला. "छातीपर्यंत उचललं होतं. तूच साक्षीदार आहेस."

"काका, पण तुम्ही ते पाडला ना."

"उचलायचं ठरलं होतं. पाडायचं नाही असं कुठं ठरलं होतं?"

"शशी, असा हट्ट बरा नाही," हरीशराव म्हणाले.

"हट्ट कुणाचा? पोरगं तुझं, मीटिंग तुझी."

पाणी आणखी लांब गेलं. गार वाऱ्यात मंडळी प्रसादाच्या डब्याकडं बघत उभी. वैजयंतीनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग पदर खोचला, मूर्तीखाली हात घातले आणि रोजची बॅग उचलावी तशी उचलली. गोट्यांवरनं न अडखळता गेली, पाण्यात शिरली, देव तीनदा बुडवून सोडला आणि परत आली. दम म्हणून लागला नव्हता.

"काकू, तुम्ही कुठला जिमला जाता?" उदयनं विचारलं.

"जिन्यापर्यंत," ती म्हणाली. "आत तुमचे काका जातात."

तिनं खाली वाकून शशीचा पट्टा सोडला, तेव्हा कुठं त्याला नीट श्वास घेता आला.

त्या सालापासनं देव वैजयंती नेते. मंडळानं शशीलाही काम दिलंय. सगळे पाण्याकडं जातात तेव्हा तो काठावर घडीच्या खुर्चीत बसून चपला-बुटांची राखण करतो. स्वतःचे पांढरे बूट मात्र पायातच ठेवतो.