रोह्याच्या बाजूनं

वहीत कोणी ‘निसर्गाचे सुंदर वर्णन’ असं लिहिलं, की आमच्या मराठीच्या बाई त्यावर लाल रेघ ओढायच्या. सुंदर कोणाला वाटतंय ते आधी लिही, म्हणायच्या. साठ सालच्या आसपास बाभुळगावजवळच्या आमच्या खेड्यात असले प्रश्न विचारणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि बाईंना ते विचारल्याशिवाय करमत नसे.

सातवीला त्यांनी एक बालकादंबरी वाचून दाखवायला घेतली. नायक कोण, तर रोह्याचं पिल्लू. रोही म्हणजे शहरातल्यांची नीलगाय आणि आमच्या पिकांचा वैरी. एका पानावर पळस फुलल्याचं लांबलचक वर्णन होतं. आम्ही माना डोलावल्या. शिकवताना शुद्ध बोलणाऱ्या बाई रंगात आल्या, की वऱ्हाडीवर उतरायच्या.

"त्या पिल्लाले पळस कसा दिसून राह्यला असंल?"

मी चाचरत म्हटलं, पानं गळाली, आता लपायला जागा उरली नाही, असा दिसत असेल. बाईंनी पुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला माझं उत्तर लिहून घ्यायला लावलं. त्या दिवशी मी घरी चालत नाही, उडत गेले.

पंचाईत झाली ती बापूजींच्या घरी. बापूजी गावातले मोठे शेतकरी, शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांचा हरभरा रोह्यांनी नुकताच फस्त केलेला, आणि आमच्याच वर्गातली त्यांची नात पुस्तकातल्या पिल्लासाठी रडून भरल्या ताटावरून उठली. बापूजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेच्या अंगणात सभा बोलावून त्यांनी जाहीर केलं, की हे पुस्तक शाळेत राहणार नाही. बाई म्हणाल्या, मग मीही राहणार नाही. बाई हट्टी होत्या आणि बापूजी त्यांच्याहून हट्टी.

जाण्याआधी बाईंनी एकच गोष्ट मागितली. रोही वावरात कसा शिरतो ते बापूजींनी मुलांना सांगावं, पण रोह्याच्या बाजूनं.

बापूजी फणकाऱ्यानंच सुरू झाले. पण माणूस मुळातला गोष्टीवेल्हाळ. आधी म्हातारी मादी येते, पिल्लाला पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभं करते, माणसाचा वास लागला तर नाल्यापलीकडेच थांबते, असं सांगता सांगता त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी मानसुद्धा तिच्यासारखी उंच केली. एका पहाटे ते खोकले, तरी मादी पळाली नाही. पिल्लू मागं राहिलं होतं.

"मंग?" नातीनं विचारलं.

बापूजींनी तिच्याकडे पाहिलं. "मंग काय माय, गोफनीत गोटा होता. पन माह्याच्यानं फेकनं नाही झालं."

बाईंचे डोळे भरून आले होते, पण आवाज ताठ होता. "बापूजी, पुस्तकात याच्याहून येगळं काही नाही."

बाई राहिल्या. पुढं कधीतरी त्यांची बदली राळेगावला झाली आणि त्यांच्यासारखं शिकवणारं आम्हाला पुन्हा कोणी भेटलं नाही. पण त्या दिवशी त्या जिंकल्या, आणि आम्हीही. पुस्तक मात्र शाळेतून गेलंच. बापूजींनी ते काखेत मारलं आणि नातीचं बोट धरून घरी निघाले. शेवटी पिल्लाचं काय होतं, ते त्यांना आजच्या आज ऐकायचं होतं.