सहा सेकंदांची घडी

विमानतळाच्या मागच्या अंगाला दुरुस्तीची लांबलचक शेड होती आणि तिच्या टोकाला घडीताईंची खोली. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकावर तेवढं उरलं होतं. संकटाच्या वेळी विमानाच्या दारातून फुगून जमिनीला टेकते ती घसरगुंडी तपासायची, तिच्यातली हवा पार काढायची आणि ठरल्या क्रमाने घडी घालून पेटीत बसवायची, हे त्यांचं काम. पुढे ती सहा सेकंदांत उलगडली पाहिजे. एक घडी चुकली तर पीळ खाऊन लटकते. बावीस वर्षं त्या गुडघे टेकून हेच करत होत्या आणि त्यांची एकही घसरगुंडी कुणाच्या उपयोगी पडली नव्हती. याचा त्यांना आनंदच होता.

सासूबाईंना मात्र या नोकरीचं कधी कौतुक वाटलं नाही. सून विमानतळावर चादरींच्या घड्या घालते, असं त्या शेजारणींना सांगत. घडीताई हसून सोडून देत. म्हातारी तोंडाने फटकळ, पण सुनेचा डबा इतकी वर्षं तिनेच भरला होता.

त्या सकाळी सासूबाई वयाच्या शहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसल्या. लेकीकडे निघाल्या होत्या. खिडकीजवळची जागा मिळाल्यामुळे स्वारी खुशीत होती. त्यांना आत सोडून घडीताई कामावर आल्या आणि तासाभरात भोंगा वाजला. त्याच विमानाच्या डाव्या इंजिनातली तेलाची नळी हवेतच फुटली होती, इंजिनाने पेट घेतला होता आणि विमान माघारी येत होतं. त्या विमानाच्या उजव्या दारांच्या घसरगुंड्या त्यांनीच महिन्यापूर्वी बांधल्या होत्या.

सगळे शेडच्या दाराशी धावले. विमान टेकलं, थांबलं. डावीकडून काळा धूर निघत होता, त्यामुळे फक्त उजवीकडची दारं उघडली. पुढची घसरगुंडी भसकन फुगून ताठ झाली. मागची अर्ध्यावर येऊन लोंबली. घडीताईंनी शेजारच्या मिस्त्रींचा दंड इतका घट्ट धरला की ते कळवळले. मग खालची अर्धी घडी धरून ठेवणारा मधला पट्टा सुटला आणि तीही जमिनीला टेकली.

माणसं भराभर घसरत आली. मागच्या दारात सासूबाईंची अबोली शाल दिसली. म्हातारी हवाई सुंदरीशी वाद घालत होती. हातातली पिशवी सोडायला तयार नव्हती. शेवटी त्या सुंदरीनेच पिशवीसकट म्हातारीला खाली ढकललं. सासूबाई खाली आल्या, अंग झटकलं आणि मागून येणाऱ्या बाईला हात द्यायला तिथेच उभ्या राहिल्या.

विमानातली एकशे बाराच्या एकशे बारा माणसं वाचली. एकाचा पाय मुरगळला, काहींची कोपरं सोलवटली, एवढंच. घडीताई धापा टाकत प्रतीक्षागृहात पोचल्या तेव्हा सासूबाई अनवाणी बसून चौघांना हकिगत सांगत होत्या.

"अगं, मागच्या दाराची घडी कुणी घातली होती?" त्यांनी विचारलं.

"मीच, आई."

सासूबाईंनी सुनेचे हात हातात घेतले, बोटं उलटसुलट करून पाहिली.

"आणि मी आपली चादरी चादरी करत बसले," त्या म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. त्यांचं पाहून घडीताईंनाही हसू आलं. डोळे मात्र दोघींचे वाहत होते.

सासूबाई पुन्हा विमानानेच जायचं म्हणून अडून बसल्या. मुलाने परोपरीने समजावलं, पण ऐकतील तर शपथ. जाण्याआधी त्या शेड बघायला आल्या. चाचणीसाठी मिस्त्रींनी मागच्या अंगणात एक जुनी घसरगुंडी फुगवली होती. परवा आपण डोळे मिटले होते, काही दिसलंच नाही, तेव्हा आता नीट बघत यायचं आहे, अशी त्यांनी मागणी केली. मिस्त्रींनी डोकं खाजवलं आणि खाली दोन गाद्या टाकल्या. म्हातारी शिडी चढून वर गेली, बसली आणि सुनेला म्हणाली, "ये गं, तू तरी कधी बसलीस यावर?"

बावीस वर्षांत घडीताई कधीच बसल्या नव्हत्या. त्या वर चढल्या.