बाहेरून कुलूप

चावीवाल्याचं आणि देवाचं कधीच पटलं नाही. बायको सकाळ-संध्याकाळ हात जोडून बसायची, तेव्हा हा किल्लीवर कानस घासता घासता टोमणे मारायचा, "झालं का मस्का लावून? बघ, काही सूट मिळते का!" ती बापडी हसायची. "तुमच्या वाटचंही मीच मागते," म्हणायची.

मग तिला विसर पडायला लागला. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं तोंड, मग स्वतःचं घर. एकदा भर दुपारी अनवाणी निघाली ती थेट मोठ्या रस्त्यावर, ट्रकच्या पुढ्यात. कोणा भल्या माणसाने हाताला धरून परत आणली. चावीवाल्याच्या पायाखालची जमीनच सरकली. टपरी बंद ठेवावी तर खायचं काय? हातावर पोट. त्याने मेहुण्याला, तिच्या सख्ख्या भावाला, विचारलं, तर तो म्हणाला, "भाऊजी, श्रद्धा ठेवा. सगळं नीट होईल." अरे वा रे वा! श्रद्धा ठेवायला सांगणारे ढीगभर. बहिणीजवळ घटकाभर येऊन बसेल तर शपथ!

शेवटी त्याने दाराला बाहेरून कुलूप लावलं. अख्ख्या वस्तीची कुलपं उघडणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला कोंडून चालला. तिने आतून दारावर थापा मारल्या. "अहो, उघडा ना! माझं काय चुकलं?"

त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. राग काढायचा कुणावर? मेहुणा समोर नव्हता. देवही नव्हता म्हणा, पण त्याला निदान एकेरीत झापता येत होतं. कुलूप मुठीत धरून तो पुटपुटला, "ए फुकट्या! जन्मभर तिच्याकडून हात जोडून घेतलेस ना? आता बस तिच्याजवळ. मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही."

मग ते रोजचंच झालं. जाताना बजावायचं, आल्यावर विचारायचं, "काय रे, छळलं नाही ना तिने?" ती विचारायची, "कोणाशी बोलता हो?" "तुझा पाहुणा आहे एक. आयतोबा."

एके दिवशी घाईत सांगायचं राहिलं. टपरीवर पोचल्यावर आठवलं. गिऱ्हाईक सोडून धापा टाकत घरी आला. कुलूप ओढून पाहिलं. चांगलं लागलेलं होतं. तरी जिवात जीव आला तो सांगून झाल्यावरच. स्वतःची लाजही वाटली त्याला. म्हातारपणी अक्कल गहाण पडली की काय! पण पुन्हा तो कधी विसरला नाही. आणि 'ए फुकट्या'चं 'बाबा रे' कधी झालं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

मग एका सकाळी नेहमीसारखं 'बाबा रे, बघ हं' म्हणून तो निघाला. टपरी उघडतो न उघडतो तोच एक बाई रडत आली. तिचं लेकरू खोलीत अडकलं होतं आणि लॅच काही केल्या उघडेना. त्याने तिच्या घरी धावत जाऊन तार घातली, कान लावला, चुटकीसरशी दार उघडून दिलं. लेकराला छातीशी धरून बाई म्हणाली, "काका, देवासारखे धावून आलात!" त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

घरी येऊन त्याने कुलूप काढलं, दार ढकललं. हलेना. पुन्हा ढकललं. आतून दाराला टेकून ती पडली होती. अंग गार पडलं होतं.

संध्याकाळी मेहुणा आला. आता बरी सवड मिळाली! डोळे पुसत म्हणाला, "ताई एकटीच गेली हो, भाऊजी. जवळ कोणी म्हणता कोणी नाही."

चावीवाला ताडकन उठला आणि त्याची कॉलर धरली. "एकटी? कोण म्हणतं एकटी? तो होता! मी सांगून गेलो होतो त्याला!"

"कोण होता, भाऊजी?"

"तुझा देव! आत्ता का गप्प बसलास? होता म्हण!" तो त्याला गदागदा हलवत होता, आणि हलवता हलवता स्वतःच खाली बसला. "म्हण रे. तो नव्हता तर मग आत कोणीच नव्हतं. आणि कुलूप मी लावलं होतं."