नालापानीचा किल्ला, अमेरातच्या बाल्कनीत

दिवाळीत किल्ला केला नाही तर मला चैन पडत नाही. मस्कतला आल्यावरही हा हट्ट मी सोडला नाही. अल अमेरातच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी चार फुटांची आणि भोवती माती म्हणजे नुसती खडी. तरी नर्सरीतून मातीची पोती आणून, मवालेहच्या बाजारातली मोहरी पेरून मी दरवर्षी किल्ला उभा करायचो. पुण्याहून आणलेले निम्मे मावळे बॅगेतच जायबंदी व्हायचे. बायको म्हणायची, "लेकीचं फक्त नाव, हौस तुझीच." खरंच होतं ते. काय दिवस होते!

त्यातल्या एका वर्षी मात्र किल्ला माझा नव्हता. आमच्या कंपनीतला एक नेपाळी फोरमन खालच्या मजल्यावर राहायचा. तो ओमानला निघाला तेव्हा त्याची मुलगी पाळण्यात होती, आता ती नववीत होती. दर दोन वर्षांनी तो नव्या करारावर सही करायचा आणि म्हणायचा, "बस, ये लास्ट." त्या आठवड्यात आम्हा दोघांच्याही हातात नवे कागद आले होते. उत्तर रविवारी द्यायचं होतं. मुलगी फोनवर रोज एकच विचारायची, येणार की नाही? त्याला काही ठरवता येत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तो चहाला आला आणि मातीचा ढीग पाहून म्हणाला, "भाईसाब, इस बार हमारा किला बनाओ." मुलीला शाळेत नालापानीच्या लढाईचा धडा होता. तिला व्हिडिओवर किल्ला दाखवायचा होता.

इंग्रज कंपनी आणि नेपाळ यांचं ते दोनशे वर्षांपूर्वीचं युद्ध मी शाळेत दीड ओळीत उरकलं होतं. सीमेवरच्या मुलखावरून भांडण पेटलं, इंग्रज जिंकले, खलास. तो मात्र घरातली गोष्ट सांगावी तशी सांगायला लागला. डेहराडूनजवळच्या टेकडीवर छोटासा किल्ला, आत मूठभर गुरखे, त्यांची बायकामुलं. बाहेर तोफा. "और तोप के पीछे कौन? आपके लोग!" माझ्याकडे बोट करून तो खो खो हसला. कंपनीच्या फौजेत आपलेच शिपाई असणार. मी चिखल कालवायला घेतला.

तटाला त्याने आइस्क्रीमच्या काड्या रोवल्या. लेक म्हणाली, "बाबा, पण हा आपला फोर्ट नाहीये ना? मग मावळे कसे?"

"आजच्या दिवस ते गुरखे," मी म्हटलं. आणि बोलता बोलता, नेहमीच्या सवयीने, मधोमध स्टीलची वाटी पुरून पाणी भरलं. टाक्याशिवाय किल्ला आम्हाला ठाऊकच नाही.

दुपारी फोन लागला. त्याच्या मुलीने टाळ्या वाजवल्या, मग एकदम थांबली आणि नेपाळीत काहीतरी म्हणाली. तो कसनुसा हसला. "कहती है, पानी गलत है."

किल्ल्यात पाणीच नव्हतं. इंग्रजांनी बाहेरचं पाणी तोडलं, तहानेने जीव जायला लागले, तेव्हा उरलेले लोक उघड्या तलवारी घेऊन फाटकातून बाहेर पडले. मी ओशाळलो. वाटी काढायला गेलो तर त्याने माझा हात धरला. "रहने दो."

फोनवर मुलगी अजून बोलत होती. त्याने मला हिंदीत सांगितलं, पण अडखळत. ती विचारत होती, बाबा, आत पाणी असतं तर ते बाहेर आलेच नसते ना? तिथेच राहिले असते ना?

पोटापाण्यासाठी घर सोडून आलेला तो माझ्या लेकीसमोर ढसाढसा रडला. मलाही राहवलं नाही.

रविवारी त्याने कागद सही न करताच परत दिले. महिनाभरात नेपाळला परत गेला. त्याची आठवण आली की अजून स्वतःचाच राग येतो. त्याच रविवारी, त्याच टेबलावर मी सही केली. नंतरही करत राहिलो. लेक आता पुण्यात कॉलेजला आहे. परवा तिने फोनवर विचारलं, "बाबा, तुम्ही कायमचे कधी येताय?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."