एकदाच जेवणारी आत्या

“आज उपास का?” असं कुणी विचारलं की आमची आत्या हातातलं काम टाकून भांडायला उभी राहायची. “उपास न्हाय. जाडी झाल्ये, म्हनून एकदाच जेवते.” हे ती भर रस्त्यात, चार जणांना ऐकू जाईल असं सांगायची. धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव नव्हते आणि उपासही नव्हते. वडिलांनी छापून आणलेल्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे मात्र खाटेखाली कायम असायचे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. आत्या भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. तिला हर्निया झाला होता. वजन उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते उतरवायचं कसं, हे काही सांगितलं नाही. मग आत्यानंच ठरवलं: दुपारच्या सुट्टीत जेवायचं, त्यानंतर दुसऱ्या दुपारपर्यंत फक्त पाणी. बसलं की भूक आठवते म्हणून ती बसायचीच नाही. शिफ्टवरून आली की भांडी घासायची, घासलेली परत घासायची, नाहीतर शेजारणींच्या भांडणात जाऊन पडायची.

कारखान्यात रोजेवाल्यांना हलकं काम मिळे आणि श्रावणात उपासवाल्या बायकांना लवकर सोडत. एकदा तिला मशीनला टेकलेली पाहून मुकादम हळूच म्हणाला, “ताई, बोल दो ना उपवास है. घर जाओ.”

“झूठ नहीं बोलेगी मैं,” आत्या म्हणाली आणि तिनं पूर्ण शिफ्ट भरली. हा किस्सा मी कॉलेजात मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

मग एक दिवस ती मशीनपाशीच कोसळली. शुद्धीवर आल्यावर मुकादमानं चहा-बिस्किट पुढं केलं, ते तिनं परत सारलं. दोन वेळा थोडं थोडं खा, नाहीतर ऑपरेशन विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी वडील समजावून थकले. आत्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेवटी पुटपुटली, “एवढं दिस पाळलं. आता मधीच सोडलं तर काय तरी वायट व्हईल.”

माझं डोकंच फिरलं. “कोण करणार वाईट? ज्याला आपण घरातून काढला तो?”

ती भिंतीकडून माझ्याकडे वळली. मग उठून बसली. “देव सोडला तवा कोन मेलं न्हाय,” ती म्हणाली. “वाढ भाकर.”

पुन्हा कामावर गेली त्या दिवशी तिनं संध्याकाळी सगळ्यांसमोर दुसरा डबा उघडला. मुकादमानं विचारलं, “क्यूँ ताई, अब क्या हुआ?”

“गलती हुई थी. सुधार ली,” ती म्हणाली आणि खात राहिली.

वजन सावकाश उतरलं, ऑपरेशनही झालं. आत्या आता नाही. त्यानंतर मी पुष्कळ सभा ऐकल्या, व्यासपीठांवरची मोठमोठी माणसं पाहिली. भरल्या कारखान्यात दुसरा डबा उघडून आत्या जे बोलली, ते माईकवर बोलणारा एकही मला अजून भेटलेला नाही.